योना ऑफ द डॉन: हाक तोंड कधी उघडणार? (आणि इतर गप्पा)

चांदणचुरा
ॲनिमेवर (जपानी ॲनिमेशन) इथे धागे कमी नाहीत, पण जिथे बघावं तिथे नारुतो, वन पीस नाहीतर टायटन. मुलींसाठी म्हणून ज्या सिरीज निघतात त्यांच्यावर कुणी चकार शब्द काढत नाही, म्हणून म्हटलं आपणच एक जिलबी पाडावी. विषय आहे 'अकात्सुकी नो योना', म्हणजेच योना ऑफ द डॉन.

ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. कौका नावाचं राज्य, तिथला राजा इल, एकदम शांतताप्रिय, शस्त्राला हात न लावणारा, लोक पाठीमागे त्याला भित्रा म्हणतात. त्याची एकुलती एक लाडावलेली मुलगी योना, केस लालभडक आणि त्या केसांचीच सारखी तक्रार. लहानपणीचा सवंगडी सू-वोन, त्याच्यावर पहिल्यापासून जीव. बाप म्हणतो पाहिजे ते मागून घे पण हे लग्न होणार नाही. सोळाव्या वाढदिवसाला सू-वोन तिला केसात खोवायची एक सुंदर पिन देतो, ही खूश, रात्री बापाला सांगायला जाते की मी सू-वोनला विसरू शकत नाही, दार उघडते तर समोर सू-वोनची तलवार बापाच्या पोटातून आरपार. तिथून हाक, म्हणजे तिचा अंगरक्षक आणि लहानपणीचा तिसरा सवंगडी, तिला घेऊन राजवाड्यातून पळतो. इथपर्यंतची गोष्ट सुरुवातीलाच होऊन जाते त्यामुळे ही काही स्पॉयलर नाही, उगाच ओरडू नका.

स्टुडिओ पिएरो, २४ भाग, ऑक्टोबर २०१४ ते मार्च २०१५. मूळ मांगा (जपानी कॉमिक) मिझुहो कुसानागीचा, 'हाना तो युमे' मासिकात २००९ साली सुरू झालेला.

आता माझा मुद्दा. हाकचं तिच्यावर प्रेम आहे हे आपल्याला पहिल्याच भागात कळतं, पुढे त्यांच्यासोबत हिंडणाऱ्या यूनला कळतं, नंतर भेटणाऱ्या जे-हाला तर बघताक्षणी कळतं आणि तो त्यावरून हाकला पिडून पिडून हैराण करतो. कळत नाही ते एकट्या योनाला. आणि २४ भाग हा माणूस बोलत नाही तो नाहीच. मला वाटतं ह्या न बोलण्यातच सगळी प्रेमकथा आहे, आणि बोलला असता तर सिरीज सहाव्या भागात आटपली असती. तुम्हाला काय वाटतं?

बिनधास्त_बंड्या
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न पण.

निशाचर
मी पहिला भाग बघून सोडली होती. खरं सांगू का, ती मुलगी इतकी किंचाळते आणि रुसते की डोकं उठलं. त्यात ते मधूनच सगळ्यांची डोकी मोठी न् डोळे टिंबाएवढे होतात तो प्रकार, एका सीनला बाप मरतोय आणि आधीच्याच सीनला हे. परत चान्स द्यावा का?

चांदणचुरा
निशाचर, पहिला भाग तसाच असायला हवा होता हो. ती जर पहिल्यापासून शहाणी न् शूर दाखवली असती तर पुढचं काही उरलंच नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या भागात तर ती जवळजवळ बोलतच नाही, जेवत नाही, हाक ओढत नेईल तिकडे चालते. तेव्हा मात्र ती टिंबाएवढ्या डोळ्यांची गंमत बंद होते बघा. जंगलात ती पिन पडते आणि ही रात्रीची ती शोधायला एकटी जाते आणि सापांच्या गराड्यात सापडते. बापाचा खून करणाऱ्याने दिलेली पिन! हाकला ते दिसतं आणि तो काही बोलत नाही, तिला साप चावू नये म्हणून स्वतः चावून घेतो. लेखिकेने इथे संवाद घातले असते तर मी पण सोडली असती.

कावेरीकाठ
मी बंगळुरात, मुलगी आठवीत. तिच्यामुळे बघायला लागले, तिचं म्हणणं आई तू निदान बघून तरी नावं ठेव. आता आम्ही दोघी रोज जेवणानंतर एक भाग बघतो, इंग्लिश सबटायटल लावून, मूळ जपानी आवाजातच. योनाचा आवाज चिवा सायतोचा आहे, सुरुवातीला किती चिरका आणि अवखळ वाटतो आणि तोच आवाज पुढे खाली उतरत जातो, मुलीने दाखवून दिल्यावर मला ते ऐकू यायला लागलं.

पण मला एक सांगा, ते सू-वोन प्रकरण. सू-वोनचे वडील यू-होन म्हणजे राजाचे थोरले भाऊ ना? मग हा तिचा सख्खा चुलतभाऊ झाला! मी मुलीला म्हटलं अगं मामेभाऊ असता तर एक वेळ समजून घेतलं असतं, हे काय भलतंच. ती म्हणते आई तुला खून चालला आणि हे चाललं नाही.

बिनधास्त_बंड्या
लोल. काकू, मुलीला माझ्याकडून शंभर मार्क.

झिपरी
केसांबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलते (आयडी बघा माझा).

कड्यावरचा सीन. हाक जखमी, अंगात बाणाचं विष, अग्नी टोळीच्या सरदाराचा मुलगा तै-जुन माणसं घेऊन आलेला, हाक कड्याच्या टोकाला लटकतोय. योना त्याच्याकडे धावते तर तै-जुन मागून तिचे केस धरतो. लांबसडक केस, राजकन्येचे, रोज दासींनी विंचरलेले. ती मागे वळून तलवार घेते आणि केसच कापून टाकते. आणि मग जी नजर आहे ना! मी ॲनिमेशनचं शिकलेय थोडंफार म्हणून सांगते, तिथे हालचाल फारशी नाहीये, काही फ्रेम तर जवळजवळ स्थिर चित्रच आहेत, सगळं काम रंगावर आणि डोळ्यांवर केलंय. केस कापले जातात तेव्हा ते वाऱ्यावर सुटतात आणि पडदा लाल होतो. त्यानंतरच्या भागांत तिचे केस आखूड, वेडेवाकडे कापलेले, कुणीही त्यांना विंचरत नाही, आणि मला ती तशीच जास्त आवडते.

नायिकेने केस कापणं म्हणजे आयुष्य बदलणं हे तसं घासून गुळगुळीत झालेलं आहे, मान्य. पण इथे ती काही ठरवून आरशासमोर उभी राहून कापत नाही. केस दुसऱ्याच्या मुठीत आहेत आणि हाक खाली पडतोय, एवढाच हिशोब.

गावठी_समीक्षक
धागा चांगला आहे पण जरा थंड पाणी ओततो, हलकेच घ्या. ही सिरीज म्हणजे शेवटी काय तर एक मुलगी आणि तिच्याभोवती पाच-सहा देखणे पुरुष. एक पांढऱ्या केसांचा, एक निळ्या, एक हिरव्या, एक पिवळ्या. चार ड्रॅगन योद्धे शोधायचे, चौघेही सापडले की तिच्यामागे. का? तर ती म्हणजे त्यांचा जुना राजा पुन्हा जन्मलेला आणि त्याला जपायचा हुकूम रक्तात लिहिलाय म्हणून. पांढरा ड्रॅगन किजा तर तिला पाहताक्षणी पाणी पाणी होतो. ह्याला प्रेमकथा म्हणायचं का रंगपेटी? आणि हा साचा काही नवा नाही, १९९५ चा 'फुशिगी युगी' बघा, त्यात शाळकरी मुलगी पुस्तकात ओढली जाते आणि तिला सात योद्धे गोळा करायचे असतात. तोही पिएरोचाच. एकाच दुकानचा माल.

चांदणचुरा
गावठी भाऊ, रंगपेटी आवडलं :) पण तुम्ही किजावर थांबलात. तो रक्ताचा हुकूम लेखिकेने गृहीत धरून सोडून दिलेला नाही, चौघांच्या बाबतीत चार तऱ्हा केल्यात.

किजाच्या गावात ड्रॅगन म्हणजे देव. त्याचा तो उजवा हात, मोठा पंज्याचा, सगळे पूजतात, म्हाताऱ्या आया त्याच्या मागेपुढे. तो लहानपणापासून वाट बघत बसलाय की माझा राजा कधी येणार, तेव्हा तो विरघळणारच. निळा ड्रॅगन शिन-आ, त्याच्या गावात उलट, त्याच्या डोळ्यांना लोक इतके घाबरतात की पोराला मुखवटा घालून अंधाऱ्या भुयारी गावात ठेवलंय, कुणी धड नावही ठेवलेलं नाही, शिन-आ हे नाव योना देते. आणि हिरवा ड्रॅगन जे-हा! त्याला तर त्याच्या गावाने साखळदंडाने बांधून ठेवलेलं, तो पळून गेला, आवा बंदरात चाच्यांच्या जहाजावर राहिला, आणि योना दिसल्यावर रक्त उसळतं तेव्हा तो चिडतो. मला कुणाचा हुकूम नको, हे त्याचं पालुपद. आणि योना त्याला काय म्हणते, की मला तुझी मदत हवी आहे पण तुझ्या मनात नसेल तर ओढून नेणार नाही. तो नंतर येतो तो स्वतःच्या पायाने, आणि वर सांगतो की हे ड्रॅगनच्या रक्तामुळे नाही.

म्हणजे प्रश्न तुमचाच आहे, लेखिकेने तो तुमच्याआधी विचारलाय.

गावठी_समीक्षक
हम्म. जे-हापर्यंत मी पोचलोच नव्हतो हे खरं, बघतो. पण मग हाकचं काय? त्याच्या रक्तात काही नाही, कुठली भविष्यवाणी नाही, तो नुसता माणूस. त्याला तिथे ठेवलंय कशाला?

झिपरी
अहो त्यासाठीच तर ठेवलंय!!

चांदणचुरा
झिपरीशी सहमत. बाकी चौघांकडे दैवी कारण आहे, हाककडे नाही. त्याने सगळं स्वतः सोडलंय. वायू टोळीचा सेनापती होता, अठराव्या वर्षी, राज्यात त्याच्या ताकदीचा दुसरा कुणी नाही. फूगाला, म्हणजे वायू टोळीच्या गावी, घरी पोचतात तेव्हा काय होतं आठवतंय का, अग्नी टोळीवाले वरच्या अंगाला नदीचं पाणी अडवतात, का तर फूगाच्या म्हाताऱ्या मुन-दोकने सू-वोनच्या राज्याभिषेकाला मान डोलवावी. पाणी तोडलं की गाव कसं गुडघ्यावर येतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. तेव्हा हाक आपलं सेनापतिपद, टोळीचं नाव सगळं सोडून निघतो म्हणजे टोळीवर बालंट नको. मुन-दोकने त्याला पोरासारखं वाढवलंय, तो निरोप बघा एकदा, मी त्यावर लिहीत नाही नाहीतर रडारड होईल.

आणि त्याचं दुःख दुहेरी आहे. योना सू-वोनवर प्रेम करायची, पण हाकसुद्धा सू-वोनला मानायचा. हा राजा होईल, योना त्याची राणी होईल, आणि मी दोघांच्या बाजूला उभा राहीन, एवढंच त्याने आयुष्याकडे मागितलेलं. म्हणून तो आधी गप्प होता. नंतर गप्प का, तर आता ती एकटी आहे, सगळ्यासाठी त्याच्यावर अवलंबून, आणि तो तिच्या बापाच्या पदरी होता. अशा वेळी प्रेम आहे म्हणून सांगणं म्हणजे तिला नाही म्हणायला जागाच न ठेवणं. मला हे फार सभ्य वाटतं.

निशाचर
मग तो तिला सारखा चिडवत का असतो? मधूनच जवळ येतो, मधूनच टोमणे मारतो, मग 'राजकन्ये' म्हणून लांब. सभ्यपणा आणि खेळवणं ह्यात फरक असतो ना.

चांदणचुरा
हां, ते आवामधले काही सीन मलाही खटकतात. शोजोची (मुलींसाठीच्या मांगाची) सवय आहे ती, भिंतीला टेकवून बोलल्याशिवाय ह्यांचं भागत नाही. पण चिडवणं हे त्यांचं लहानपणापासूनचं आहे, राजवाड्यातही तो असाच उद्धट होता, म्हणून तो सरळ बोलायला लागला तर तिलाच शंका येईल.

उत्तररात्र
इतिहासाचा विद्यार्थी, म्हणून थोडं अवांतर. कौका हे काल्पनिक राज्य असलं तरी नकाशा, कपडे, नावं सगळं कोरियाच्या तीन राज्यांच्या काळावरून घेतलंय, त्यातही गोगुर्यो. गोगुर्यो मुळात पाच टोळ्यांचं मिळून बनलेलं राज्य होतं आणि कौकातही पाच टोळ्या आहेत: आकाश, अग्नी, वायू, जल, भूमी. राजा आकाश टोळीचा, बाकी चार सरदार आपापल्या मुलखात शिरजोर, आणि मध्यभागी कमजोर राजा. सू-वोनला राज्य का घ्यायचं होतं हे इलने त्याच्या बापाला मारलं म्हणून सूड, एवढ्यापुरतं नाही, हे समजायला ही पाच टोळ्यांची भानगड कळावी लागते.

दुसरं, गोगुर्योच्या थडग्यांमधली भित्तिचित्रं प्रसिद्ध आहेत, उत्तर कोरियातली थडगी २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. काही थडग्यांत चार भिंतींवर चार दिशांचे रक्षक असतात, निळा ड्रॅगन, पांढरा वाघ, तांबडा पक्षी, काळं कासव. फुशिगी युगीमध्ये हेच चौघे जसेच्या तसे आलेत. कुसानागीने मात्र चौघांनाही ड्रॅगन केलं आणि तांबडा ड्रॅगन मधोमध ठेवला, जो माणूस होऊन राज्य करायला खाली उतरला. गावठी समीक्षक म्हणतात तसा साचा एक असेल, पण ओतकाम वेगळं आहे.

आणि धनुष्य. गोगुर्योचा संस्थापक जुमोंग, त्याची दंतकथाच मुळी अचूक तिरंदाजाची आहे. योनाने तलवार न उचलता धनुष्य उचलावं ह्यात मला तो दिसतो. अर्थात हा माझा तर्क.

कावेरीकाठ
उत्तररात्र, किती छान माहिती, धन्यवाद. मुलीला वाचून दाखवलं, ती आता जुमोंग शोधत बसलीये आणि उद्या तिची गणिताची चाचणी आहे, तुमच्या नावाने खडे फोडते मी.

धनुष्यावरून आठवलं, मला त्या शिकण्याच्या भागांचं फार कौतुक वाटलं. बापाने शस्त्र हातात घेऊ दिलं नव्हतं, ही हाकला सांगते मला शिकव, तो आधी तयारच होत नाही. मग सगळे झोपल्यावर रात्री उठून ही एकटी झाडावर बाण मारत बसते. एकदम तरबेज होत नाही, बोटं सोलवटतात. हल्ली सगळीकडे नायिका एका गाण्यात शिकून मोकळ्या होतात, इथे आपल्याला खरोखर वाट बघायला लावलीये.

बिनधास्त_बंड्या
आवा बंदराच्या भागांबद्दल कोण बोलणार? माझ्या मते सिरीजचा कळस तिथे आहे. आणि कप्तान गी-गान! म्हातारी, हातात चिलीम, आख्खं जहाज तिला वचकून. असली आजी मला पाहिजे.

झिपरी
गी-गान!!! होय. ती योनाची परीक्षा घेते ना, कड्याच्या अंगाला वाढणारी एक औषधी वनस्पती आणायची. अरुंद पायवाट, खाली समुद्र, जे-हा सोबत असतो आणि एका उडीत आणू शकतो, त्याचा पायच ड्रॅगनचा आहे, पण ही म्हणते तू मदत करायची नाही. लाट येते, ही घसरते, लोंबकळते, आणि वनस्पती सोडत नाही. परत आल्यावर पाय थरथरत असतात आणि गी-गानला मात्र हिशोब देते की जे-हाने मला वाचवलं, हे माझं एकटीचं नाही. म्हातारी तिथेच विरघळते. वाहवा करावी असं मला तिथे वाटलं, कारण तिची परीक्षा ताकदीची नव्हतीच, चाच्यांना दगा न देणारं माणूस हवं होतं.

मग कुम-जीचा सगळा कारभार, बंदराचा अधिकारी, पोरी पळवून जहाजात भरून विकायचा. योना आणि यून दोघं मुद्दाम पकडले जातात, यून मुलीच्या वेषात (योनापेक्षा सुंदर दिसतो, स्वतःच सांगतो), आणि रात्री डेकवर जाऊन फटाके उडवून जहाज कुठलं ते चाच्यांना कळवायचं. ते फटाके उडतात तेव्हा आमच्याकडे टाळ्या वाजल्या.

आणि शेवटी कुम-जी तिच्यावर बाण रोखतो आणि ही त्याच्यावर. बंड्या म्हणतो तो कळस इथे आहे. हाक, चार-दोन ड्रॅगन, कुणीही मध्ये येत नाही.

गावठी_समीक्षक
बघितलं आवा. मान्य, रंगपेटी शब्द मागे घेत नाही पण पेटीत रंग चांगले आहेत.

पण आता माझा खरा आक्षेप. सू-वोन. ह्या माणसाने काकाला मारलं आणि तुम्ही लोक इंटरनेटभर त्याची बाजू घेत फिरता. का तर तो मऊ बोलतो आणि ससाण्याशी खेळतो.

उत्तररात्र
बाजू घेत नाही, पण त्याचं राज्य बघा ना. इल राजाच्या काळात शेजारी मुलूख तोडत होते, सरदार आपल्या मर्जीने वागत होते, आवासारख्या ठिकाणी माणसं विकली जात होती आणि राजाला पत्ता नाही. इल वाईट माणूस नव्हता, वाईट राजा होता. सू-वोन नेमका उलट निघतो: टोळीवाल्यांना खेळवून, हसत हसत, मूर्खाचं सोंग घेऊन वठणीवर आणतो. आणि योना गावोगाव फिरते तेव्हा तिला आपल्या बापाच्या कारभाराचीच फळं दिसतात. अग्नी टोळीच्या मुलखातली ती उपाशी गावं, माती नापीक, वर कर. तिला बापावर प्रेम पण करायचं आहे आणि हेही बघायचं आहे. मला वाटतं ह्या सिरीजमधलं सर्वात मोठ्या माणसांसाठीचं लिखाण हे आहे, आणि ते मुलींच्या मासिकात आलं.

चांदणचुरा
आवामध्ये तिची न् सू-वोनची अचानक गाठ पडते तो सीन कुणी विसरलं नसेल. रस्त्यात समोरासमोर. त्याच्या माणसांनी तिला बघू नये म्हणून तो तिला आपल्या झग्याच्या आड घेतो. ती त्याच्या तलवारीला हात घालते. सगळं मनात आहे, राग, भीती, आणि मेलं ते प्रेमही पूर्ण मेलेलं नाहीये, आणि हे सगळं एका गल्लीत काही मिनिटांत. तो तिला पकडून देत नाही. आणि तो का पकडून देत नाही हे लेखिका सांगत नाही.

गावठी भाऊ, मी त्याची बाजू घेत नाही. पण मला तो समजून घ्यायचा आहे, आणि हाकला त्याला मारायचं आहे, आणि योनाला ह्या दोन्हीच्या मधून वाट काढायची आहे. प्रेमाचा त्रिकोण म्हणतात तो इतका बोचरा मी दुसरीकडे पाहिला नाही.

टोकियोकर
उशिरा येतोय, मी इकडे निशिकासाईला असतो. 'मुलींसाठी' ह्या शब्दाबद्दल बोलायचं होतं. जपानमध्ये शोजो हा काही कथेचा प्रकार नाही, कुठल्या मासिकात छापून येतं त्यावर ठरतं. 'हाना तो युमे' हाकुसेनशा प्रकाशनाचं, १९७४ पासूनचं, मुलींचं मासिक, म्हणून योना शोजो. फ्रूट्स बास्केट त्याचंच, कामिसामा किस पण त्याचंच. पुस्तकाच्या दुकानात फळ्याच तशा लावलेल्या असतात, एकीकडे शोनेन (मुलग्यांचं), एकीकडे शोजो. इथे बुकऑफ म्हणून जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, शोजोच्या फळीसमोर ऑफिसातून सुटलेले टायवाले बाप्ये निवांत उभ्या उभ्या वाचताना मी पाहिलेत, आणि कुणी वळून बघत नाही. लाजतो आपणच.

संगीताबद्दल कुणी लिहिलं नाही. पहिल्या निम्म्या भागांचं ओपनिंग आठवा, त्यात शब्दच नाहीत! नुसतं वाद्यसंगीत. ॲनिमेला असं ओपनिंग क्वचित मिळतं, नाहीतर कुठल्या तरी बँडचं गाणं विकायचं असतं. संगीतकार र्यो कुनिहिको, जपानमध्ये वाढलेला कोरियन वंशाचा माणूस, आधी त्याने 'ट्वेल्व्ह किंग्डम्स'ला संगीत दिलेलं. गोष्ट कोरियाच्या धर्तीवरची आणि संगीत देणारा असा, निवड करणाऱ्याने डोकं चालवलं. उरलेल्या भागांत बदलून गाणं येतं, तेही बरं आहे पण पहिल्याची सर नाही. शेवटच्या गाण्यांत अकिको शिकाताचं दुसरं एंडिंग मात्र चुकवू नका, स्किप इंट्रोवाल्या मंडळींना सांगतोय.

बिनधास्त_बंड्या
स्किप इंट्रोवाला हजर. आज रात्री ऐकतो साहेब.

पण दुसरा सीझन? २४ भागांनंतर धाडकन संपते, आत्ता कुठे चौथा ड्रॅगन झेनो आला आणि आत्ता कुठे टोळकं जमलं, की पाट्या पडल्या. हा काय न्याय झाला?

टोकियोकर
ह्या धंद्यात ॲनिमे बहुतेक वेळा मांगाची जाहिरात म्हणून काढतात. सिरीज बघून लोकांनी पुस्तकं घेतली की काम झालं, पुढे पैसे घालायचे की नाही हे डिस्क किती विकल्या, प्रायोजक कोण ह्यावर. शोजोवर पैसे लावायला मंडळी आधीच हात आखडतात. योनाची सिरीज संपल्यावर २०१५-१६ मध्ये आले ते तीन ओव्हीए (टीव्हीवर न आलेले जादा भाग), तेही मांगाच्या खास आवृत्तीसोबत डिस्क म्हणून. पण नाराज होऊ नका, फ्रूट्स बास्केटची पहिली सिरीज २००१ ची, २६ भागांत अर्धवट सोडलेली, आणि २०१९ ते २०२१ मध्ये पहिल्यापासून नव्याने ६३ भाग करून शेवटापर्यंत नेली.

निशाचर
परत सुरू केली, पाचवा भाग झाला. अजून किंचाळते पण आता कारण असतं. हाक आवडायला लागलाय, सांगायला नको होतं. यून म्हणजे तो दरीतला सुंदर आचारी-कम-डॉक्टर ना? तो बाकी सगळ्यांपेक्षा कामाचा आहे. हे दैवी योद्धे जेवण कुठून मिळवणार होते कुणास ठाऊक.

कावेरीकाठ
यून माझा लाडका! टोळक्यात एक तरी घर चालवणारं माणूस लागतंच. मुलगी म्हणते आई तू यून आहेस. मी म्हटलं मग भांडी तू घास.

गावठी_समीक्षक
सगळी संपवली शनिवार-रविवारात. चांदणचुरा, तुमचा मूळ मुद्दा: न बोलण्यात प्रेमकथा आहे. अर्धं पटलं. मला वाटतं प्रेमकथा आहे ती योनाची आणि तिच्या मुलखाची, हाक त्यात सोबतीला आहे. ती एकदाही 'माझं राज्य परत मिळवीन' म्हणून निघत नाही हे लक्षात आलं का? ती निघते ते हाक मरू नये म्हणून, मग ज्यांची गावं बघितली त्यांच्यासाठी काहीतरी करावं म्हणून. ह्या साच्यातल्या दुसऱ्या कुठल्याही गोष्टीत तिसऱ्या भागात सूडाची शपथ झाली असती. आणि तो तै-जुन, केस धरणारा, त्यालासुद्धा लेखिकेने नुसता खलनायक म्हणून सोडलेला नाही, तिला आपण मारलं ह्या विचाराने तो पार खचून गेलाय, हे मला अपेक्षित नव्हतं.

हाकचं न बोलणं सभ्यपणाचं आहे हे मान्य, पण त्यात थोडा भित्रेपणाही आहे. लढाईत शंभर माणसांसमोर उभा राहतो आणि इथे शेपूट घालतो.

चांदणचुरा
भित्रेपणा आहेच की! मी कुठे नाही म्हटलं. म्हणून तर जे-हा त्याला डिवचतो. आणि तै-जुनचं म्हणाल तर मांगात हाच पुढे गरिबांच्या वस्तीत राबतो, माझ्या आवडत्या पात्रांत आहे तो आता.

बिनधास्त_बंड्या
मांगात हाक बोलतो का? फक्त हो किंवा नाही. बाकी सांगू नका.

झिपरी
हो. पण इतक्या उशिरा की तोवर तुझं लग्न होईल.

निशाचर
मांगा कुठून सुरू करायचा ॲनिमे संपल्यावर? आणि ते ओव्हीए आधी का नंतर?

टोकियोकर
ॲनिमे साधारण आठव्या खंडाशी येऊन थांबते. पण घाई नसेल तर पहिल्या खंडापासूनच वाचा, चित्रं बघण्यासारखी आहेत आणि लहानसहान विनोद ॲनिमेत गाळलेत. इंग्लिशमध्ये विझ प्रकाशनाने २०१६ पासून काढलाय. ओव्हीएमधले झेनोचे दोन भाग मात्र मांगात बरंच पुढे येणारी गोष्ट सांगतात, झेनो नक्की कोण आहे ते, त्यामुळे २४ भाग संपले म्हणून लगेच ते लावू नका. आधी मांगा त्या जागेपर्यंत वाचा आणि मग बघा, नाहीतर तो पिवळ्या केसांचा खादाड बावळट वाटणारा माणूस एवढी वर्षं काय काय लपवून हसत होता ह्यातली सगळी मजा जाईल.

निशाचर
ठीक, पहिल्या खंडापासून. कावेरीकाठ, मुलीचं झालं की तिचे खंड मिळतील का वाचायला, मी पण बंगळुरातच आहे, जयनगरला.

कावेरीकाठ
मिळतील, पण पानं दुमडायची नाहीत अशी तिची अट आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.